लहान मुलाचे बोलणे वयाप्रमाणे पुढे जात आहे का, हे घरी कसे ओळखावे

दीड-पावणेदोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही, ही काळजी आईने घरात बोलून दाखवली की नागपूरकडच्या घरांत साधारण दोन उत्तरे मिळतात. “पोरं उशिराच बोलतात बाप्पा, याचा बाप तर तीन वर्षांचा झाल्यावर बोलला,” हे एक. शेजारचे मूल याच वयात कविता म्हणून दाखवते, हे दुसरे. पहिल्या उत्तराने आई गप्प होते, दुसऱ्याने घाबरते, आणि दोन्ही उत्तरे देताना त्या मुलाकडे मात्र कोणी नीट पाहिलेले नसते. कोणत्या वयात काय दिसायला हवे, ते घरी कसे तपासावे, कशाची नोंद ठेवावी आणि वाट पाहणे कुठे थांबवावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यावा लागेल. वाणी आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाणी म्हणजे तोंडातून उच्चार काढण्याची क्रिया. भाषा म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे समजणे आणि आपले म्हणणे शब्दांनी, खुणांनी, चेहऱ्याने पोचवणे. तीन वर्षांची एखादी मुलगी ‘लानीने पोली खाल्ली’ असे बोबडे बोलते, पण दिवसभर प्रश्न विचारते, भांडते, काल काय झाले ते सांगते. तिचे उच्चार कच्चे आहेत, भाषा उत्तम आहे. याउलट एखादा मुलगा मोबाइलवरची जाहिरात जशीच्या तशी म्हणतो, इंग्रजी आकडे वीसपर्यंत खणखणीत मोजतो, पण तहान लागली तर पाणी मागत नाही, नुसता रडतो. त्याचे उच्चार स्पष्ट आहेत आणि भाषा मागे आहे. घरात बहुधा मुलीची काळजी केली जाते आणि मुलाचे कौतुक होते. खरे तर तपासणीची गरज त्या मुलाला आहे.

पाहणीची तयारी

एक साधी वही घ्यावी आणि तीत तारीख, मुलाचे महिन्यांतले वय, मुलाने काढलेला आवाज किंवा शब्द जसाच्या तसा, आणि तो कोणत्या प्रसंगी निघाला, एवढे लिहीत जावे. ‘आज खूप बोलला’ ही नोंद उपयोगाची नाही. ‘आजोबांनी चप्पल घातली तेव्हा दाराकडे बोट करून भु म्हणाला’ ही नोंद दवाखान्यात फार उपयोगी पडते. आठवड्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा, मात्र मुलासमोर मोबाइल धरून ‘बोल ना, बोल ना’ असा आग्रह करू नये, कारण त्या क्षणी बहुतेक मुले गप्प होतात.

वय मोजताना अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हिशेब वेगळा करावा. बाळ आठ आठवडे आधी जन्मले असेल आणि आज त्याला १२ महिने पूर्ण झाले असतील, तर त्याच्याकडून १० महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा धरावी. असे दुरुस्त वय साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात.

नागपुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती कूलरची. एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत घराघरांत खिडकीला लावलेला मोठा कूलर दिवसरात्र घरघरत असतो, आणि त्या आवाजात मोठी माणसेही एकमेकांशी ओरडूनच बोलतात. मोठ्यांना अर्धवट ऐकलेले वाक्य अंदाजाने पुरे करता येते, कारण भाषा त्यांना आधीच येत असते. शिकणाऱ्या बाळाला ते जमत नाही. म्हणून पाहणी कूलर आणि टीव्ही बंद असताना, सकाळच्या वेळी, झोप आणि पोट दोन्ही भरलेल्या बाळाबरोबर करावी. पाहणीपुरतेच नव्हे, तर उन्हाळ्यातही दिवसातला थोडा वेळ तरी बाळाशी अशा शांततेत बोलावे.

तक्ते वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. आपल्याकडच्या बालरोगशास्त्राच्या पुस्तकांत १८ महिन्यांच्या मुलाला आठ-दहा शब्द येतात असे दिलेले असते, तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या यादीत त्याच वयाला आई-बाबांखेरीज तीन शब्दांचा प्रयत्न एवढेच असते, आणि पालक गोंधळतात. पहिल्या प्रकारचे आकडे सर्वसाधारण मुलाचे चित्र देतात. अमेरिकेची यादी २०२२ मध्ये सुधारली गेली, तेव्हा १०० पैकी किमान ७५ मुले ज्या वयापर्यंत ती गोष्ट करू लागतात, ते वय धरले गेले. म्हणून दुसऱ्या यादीत मूल मागे पडत असेल, तर त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे.

पहिले वर्ष: शब्दांच्या आधीचे बोलणे

जन्मानंतर लगेच बाळ मोठ्या आवाजाने दचकते आणि आईचा आवाज ओळखते. दोन महिन्यांच्या आसपास ते माणसाचा चेहरा पाहून हसू लागते आणि ‘आ’, ‘ऊ’, ‘आगू’ असे गळ्यातून आवाज काढते. चार महिन्यांपर्यंत खळखळून हसणे येते, आणि आपण बोललो की ते हुंकार देते, मग थांबते, पुन्हा आपली वाट पाहते. आळीपाळीने बोलण्याचा हा पहिला पाठ आहे. त्याला शब्द लागत नाहीत.

सहा महिन्यांच्या सुमारास ‘बा’, ‘दा’, ‘मा’ अशी एकेक अक्षरे येतात आणि नऊ महिन्यांपर्यंत त्यांच्या माळा होतात: ‘बाबाबा’, ‘दादादा’. या वयातला ‘बाबा’ हा बापासाठी नसतो, हे वडिलांनी मनाला लावून घेऊ नये. सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बाळ स्वतःच्या नावाला मान वळवू लागते. नऊ ते बारा महिन्यांत टाटा करणे, उचलून घेण्यासाठी हात वर करणे, ‘नाही’ म्हटल्यावर क्षणभर थांबणे, ‘कुक’ खेळताना पदराआडून चेहरा येण्याची वाट पाहणे हे दिसू लागते, आणि वाढदिवसाच्या आसपास एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द येतो.

या वर्षात शब्दापेक्षा तीन गोष्टींची नोंद अधिक काळजीने करावी: नावाला वळणे, अक्षरांच्या माळा आणि हातांच्या खुणा. नावाची तपासणी करताना बाळाच्या मागून, सहज आवाजात, एकदाच हाक मारावी. समोरून चुटक्या वाजवत दहा वेळा नाव घेतले की कोणतेही बाळ कधीतरी पाहतेच. त्यावरून काही कळत नाही.

एक ते दोन वर्षे

सगळ्यात जास्त चुका या वर्षात होतात, कारण सगळ्यांचे लक्ष शब्द मोजण्याकडे असते, आणि शब्द कशाला म्हणायचे हेच ठरलेले नसते. मूल तोच आवाज, त्याच वस्तूसाठी, पुन्हा पुन्हा, कोणी न सांगता काढत असेल तर तो शब्द होय. त्यामुळे कुत्र्यासाठी ‘भुभू’, गाईसाठी ‘हम्मा’, जेवणासाठी ‘मम्मम’, बाहेर जाण्यासाठी ‘भुर्र’ हे सगळे पूर्ण शब्द आहेत. पाण्यासाठी नेमाने ‘पा’ म्हणत असेल तर तोही मोजावा. ‘म्हण, काऊ’ असे सांगितल्यावर केवळ एकदा उच्चारलेला ‘काऊ’ मोजू नये, आणि मोबाइलवरच्या गाण्यातली ओळ अजिबात मोजू नये.

घरात दोन-तीन भाषा असतील तर सगळ्यांतले शब्द एकत्र मोजावेत. नागपुरात हे रोजचेच आहे: घरात मराठी, अंगणातल्या खेळात हिंदी, प्ले-स्कूलमध्ये इंग्रजी, आणि जरीपटक्यातल्या एखाद्या घरात आजीची सिंधी. आठ शब्द मराठीतले आणि सात हिंदीतले असतील, तर मुलाकडे पंधरा शब्द आहेत. एकापेक्षा अधिक भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलायला मागे पडते, हा समज चुकीचा आहे. अशा मुलानेही एकंदर शब्द आणि शब्दांची जोडणी त्याच वयात दाखवायला हवी. ‘घरात दोन भाषा आहेत ना, म्हणून बोलत नसेल’ असे म्हणून तपासणी पुढे ढकलू नये. आणि सोपे पडावे म्हणून आजीची भाषा बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलणे तर मुळीच करू नये. ज्या भाषेत आईवडिलांना हसता, रागावता आणि लाडावता येते, तीच मुलाच्या उपयोगाची.

आता समज. दीड वर्षाच्या सुमारास मुलाला एक साधी सूचना खुणेशिवाय समजायला हवी. येथे घरातली माणसे नकळत स्वतःला फसवतात. आई हातात चप्पल घेऊन, दाराकडे पाहत ‘चल, भुर्र जाऊ’ म्हणते आणि मूल दाराकडे पळते. त्याने शब्द ऐकला की चप्पल पाहिली, हे कळत नाही. खरी तपासणी करायची तर हात मागे बांधावेत, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावी आणि चेंडू दुसऱ्या दोन वस्तूंबरोबर पडलेला असताना ‘चेंडू आण’ म्हणावे. दोन वर्षांच्या आसपास ‘वाटी घे आणि आजीला दे’ अशी दुहेरी सूचना पाळता येऊ लागते. नाक, डोळे यांपैकी दोन-तीन अवयव आणि पुस्तकातली ओळखीची चित्रे दाखवता येतात.

बोट दाखवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दवाखान्यात हा प्रश्न हटकून विचारला जातो आणि पालक ‘हो, दाखवतो’ असे घाईने सांगून मोकळे होतात. बोट दोन कारणांनी दाखवले जाते. फळीवरच्या बिस्किटाच्या डब्याकडे बोट करणे म्हणजे मागणे. महाराजबागेत हरिण दिसल्यावर, किंवा वर्धा रोडवर डोक्यावरून मेट्रो गेल्यावर, तिकडे बोट करून लगेच आईच्या चेहऱ्याकडे वळून पाहणे म्हणजे ‘तूही बघ’ असे सांगणे. मागणे साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास येते, आणि दाखवण्यासाठीचे बोट दीड वर्षापर्यंत यायला हवे. या दुसऱ्या बोटात काही हवे असण्याचा प्रश्न नसतो. आपल्याला दिसले ते दुसऱ्यालाही दिसावे एवढीच इच्छा असते, आणि माणसे बोलतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे. मूल बोट न दाखवता मोठ्या माणसाचा हात धरून, त्याच्या तोंडाकडे न पाहता, तो हात फ्रिजच्या दारावर नेऊन ठेवत असेल, तर ही गोष्ट वहीत ठळक लिहावी.

दीड वर्षानंतर शब्द भराभर वाढू लागतात आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास दोन शब्द जोडले जातात: ‘बाबा भुर्र’, ‘आई ये’, ‘अजून दूध’, ‘मले दे’. जोडणी मुलाने स्वतः केलेली असावी. ‘टाटा बाय-बाय’ हा पाठ झालेला एकच तुकडा आहे. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ५० पेक्षा कमी शब्द असतील किंवा जोडणी नसेल, तर तज्ज्ञ अशा मुलाला ‘उशिरा बोलणारे’ म्हणतात. अशी पुष्कळ मुले पुढे बरोबरीला येतात, आणि घरातल्या ‘याचा बाप’ छापाच्या कथा त्यांच्याच असतात. परंतु कोणते मूल आपोआप बरोबरीला येईल, हे त्या वयात कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. ज्याची समज चांगली आहे, खुणा भरपूर आहेत आणि ऐकू नीट येते, त्याची आशा अधिक. बाकीच्यांसाठी वाट पाहणे हा जुगार आहे.

दोन ते पाच वर्षे, आणि नागपूरची बोली

तिसऱ्या वर्षी वाक्ये तीन-चार शब्दांची होतात, ‘हे काय’, ‘कुठे’, ‘कोण’ यांचा मारा सुरू होतो, आणि तीन पूर्ण होईपर्यंत मूल स्वतःचे नाव आणि आपण मुलगा की मुलगी हे सांगते. चार वर्षांचे मूल घडलेली गोष्ट क्रमाने सांगते. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी त्याला विचारून पाहावे: लाकडी बैल कोणी सजवला, कोणाकोणाच्या घरी गेला, बोजारा कोणी दिला, पुढे काय झाले. तपशील इकडचे तिकडे झाले तरी चालतील, पण ऐकणाऱ्याला प्रसंग उभा राहिला पाहिजे. पाच वर्षांचे मूल मग शब्दांचेच अर्थ विचारू लागते.

मराठीतले व्याकरण मुले चुका करत शिकतात, आणि त्या चुका बहुधा प्रगतीच्या असतात. ‘बाबा ऑफिसला जाला’, ‘मावशी येली’ असे म्हणणाऱ्या मुलाला क्रियापदाचा नियम सापडला आहे, अपवाद अजून कळलेला नाही. दिवसभर आईजवळ राहणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, कारण त्याने ‘मी’ बरोबर हेच रूप सर्वाधिक ऐकलेले असते. त्यावर हसू नये. ‘हो, तू जातोस, मी पण येते’ असे योग्य रूप सहज कानावर घालावे.

बोलीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ळ’ चा ‘य’ आणि ‘ण’ चा ‘न’ होतो. ज्या घरात आजी ‘डोया’, ‘शाया’, ‘पानी’ म्हणते, त्या घरातल्या मुलाने तसेच म्हणणे हा उच्चारदोष नाही. ‘मले पानी दे’ हे तीन शब्दांचे निर्दोष वाक्य आहे, आणि ‘बाबा काम करून राहिले’ हेही. चित्रांच्या तक्त्यावर बटाटा दाखवल्यावर मूल ‘आलू’ म्हणाले, कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणाले, टमाट्याला ‘भेदरं’ म्हणाले, तर उत्तर बरोबर धरावे. तपासणारी व्यक्ती पुण्या-मुंबईकडची असेल तर आईने हे स्वतःहून सांगावे, संकोच करू नये. मुलाची भाषा त्याच्या घराच्या भाषेशी ताडून पाहायची असते, छापील पुस्तकाशी नाही.

उच्चारांचा क्रम साधारण असा असतो: ओठांचे प, ब, म आधी, त, द, न लवकर, क, ग त्यांच्या मागोमाग, आणि स, श, र, तसेच ‘प्र’, ‘स्त’ अशी जोडाक्षरे सर्वांत शेवटी. ‘काका’ ऐवजी ‘ताता’ तीन-साडेतीन वर्षांपर्यंत चालतो. ‘राजा’ ऐवजी ‘लाजा’ पाचपर्यंतही. स्पष्टतेचा एक सोपा अंदाज आहे. घरातले सोडून परक्या माणसाला, म्हणजे दूधवाल्याला किंवा नव्या शेजाऱ्याला, मुलाचे बोलणे दोन वर्षांच्या वयात निम्मे, तीनला पाऊण आणि चारला जवळजवळ सगळे कळले पाहिजे. आईला कळते हा पुरावा धरू नये, कारण आईला सगळेच कळते.

दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान ‘मी मी मी पण येतो’ असे अडखळणे पुष्कळ मुलांत येते आणि बहुतेकांत निघून जाते. या काळात ‘हळू बोल’, ‘नीट बोल’ असे टोकू नये. मुलाचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे आणि स्वतःच थोडे संथ बोलावे. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, डोळे मिटले जाऊ लागले, मूल बोलणेच टाळू लागले किंवा घरात कोणी तोतरे असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

कानांची खात्री

बोलण्याविषयी शंका आली की पहिली तपासणी कानांची. ‘ऐकू येते हो, टाळी वाजवली की वळतो’ हे वाक्य येथे सर्वांत अधिक नुकसान करते. टाळी, आपटलेले दार, फटाका हे मोठे आवाज आहेत. बोलण्यातले स, श, फ हे बारीक आणि हलके असतात. ज्या मुलाला केवळ बारीक आवाज ऐकू येत नाहीत ते टाळीला वळते, आणि तरी शब्द त्याच्यापर्यंत तुटक पोचतात. जन्मतः ऐकू न येणारे बाळही सुरुवातीचे महिने ‘आगू’ करते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. अक्षरांच्या माळा मात्र वेळेवर येत नाहीत, किंवा आलेले आवाज हळूहळू कमी होतात.

घरी पाहायचे असेल तर बाळ एकाच्या मांडीवर शांत बसलेले असताना दुसऱ्याने मागून, त्याच्या नजरेबाहेर राहून, कुजबुजत हाक मारावी, कागद चुरगाळावा, वाटीवर चमचा हलकेच टेकवावा. पाठीमागे हवेचा झोत किंवा सावली जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर बाळ त्यालाच वळते. बाळ वळले तरी ही केवळ प्राथमिक चाचणी आहे, खात्री यंत्रानेच होते. ओएई या तपासणीत कानात लहान टोक ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद घेतात, तर बेरा या तपासणीत डोक्याला तारा लावून आवाज मेंदूकडे पोचतो का ते पाहतात. दोन्हींत वेदना नसतात आणि बाळ झोपलेले असले तर उत्तमच. आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की चाळणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराला सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी. जन्मानंतर अतिदक्षता कक्षात राहिलेले, कावीळ फार वाढलेले, मेंदूज्वर झालेले किंवा ज्याच्या कुटुंबात लहानपणापासूनचा बहिरेपणा आहे असे बाळ ओएईत उत्तीर्ण झाले तरी बेरा करावी का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. मोठ्या मुलांत वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकणे महिनोन्महिने मंद राहते. टीव्हीचा आवाज वाढवणारे, दर वेळी ‘आं?’ करणारे मूल दिसले तर हे तपासून घ्यावे.

थांबू नये अशी चिन्हे

बारा महिन्यांत अक्षरांच्या माळा नाहीत किंवा बोट दाखवणे, टाटा करणे यांपैकी एकही खूण नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडणी नाही. आणि कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द किंवा माणसांशी मिसळणे नाहीसे झाले आहे, अशा वेळी पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. शेवटचे चिन्ह सर्वांत गंभीर आहे. ‘आधी पाच-सहा शब्द म्हणायचा, गावाहून आल्यापासून बंद झाला, नजर लागली असेल’ असे सांगितले जाते. नजर काढायची असेल तर काढावी, पण त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी करणारी २० प्रश्नांची एक प्रश्नावली डॉक्टर भरून घेतात. तिच्यात धोका असल्याचे आढळले म्हणजे निदान झाले, असे नाही. ती पुढच्या तपासणीची दिशा दाखवते.

घरात काय करावे, काय करू नये

तपासणीची तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाया जाऊ द्यायचे नाहीत. मूल जे पाहत आहे त्याविषयी बोलावे, आपल्याला शिकवायचे आहे त्याविषयी नाही. ते खिडकीतून चिमणी पाहत असेल तर त्या क्षणी रंगांचा तक्ता पुढे करू नये, ‘चिऊ. चिऊ आली. चिऊ दाणा खाते’ एवढे म्हणावे आणि थांबावे. हे थांबणेच आपल्याला जमत नाही. प्रश्न विचारून मनात सावकाश दहापर्यंत मोजावे, मुलाला उत्तराची जागा द्यावी. त्याने ‘भुभू’ म्हटले तर ‘हो, मोठा भुभू’ असा एक शब्द जोडून परत द्यावा. संत्रे सोलताना सगळ्या फोडी एकदम पुढे न ठेवता एकेक द्यावी आणि ‘अजून?’ म्हणून वाट पाहावी. एका संत्र्यात मागण्याच्या दहा संधी असतात, आणि नागपुरात संत्र्यांना तोटा नाही.

मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस स्पष्ट आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल करायला हरकत नाही, कारण तिकडचा माणूस उत्तर देतो. जेवण भरवण्यासाठी मोबाइल लावणाऱ्या आईला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. ती दिवसभर एकटी असते, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी एक घास भरवला तर मोबाइल आपोआप खाली राहतो.

वाचा फुटावी म्हणून जिभेवर वेखंड उगाळून लावण्याची, मध चाटवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. वेखंडाने बोलणे येत नाही. ‘जीभ चिकटली आहे’ म्हणून ती कापून आणण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर दूध ओढणे किंवा काही उच्चार अवघड जाऊ शकतात, पण शब्दच न येणे, सूचना न समजणे याचे कारण तो नसतो.

कुठे जावे आणि काय न्यावे

पहिली भेट नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांची. शासकीय व्यवस्थेत अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगितले तरी सुरुवात होते. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात, ते लसीकरणाच्या दिवशी भरून घ्यावेत. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करते आणि विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. शहरात मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग आहेत. दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही नागपुरात आहे आणि ते मुंबईच्या अली यावर जंग वाचा व श्रवण संस्थेशी जोडलेले आहे. खासगी वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारावे, आणि उपचाराच्या खोलीत आईला किंवा वडिलांना बसू देतात का हेही पाहावे. आठवड्यातले दोन तास तेथे जातात, उरलेले सगळे तास घरात, त्यामुळे पालकाला शिकवणारा तज्ज्ञ अधिक उपयोगी.

जाताना जन्माच्या वेळची कागदपत्रे, कानांचे अहवाल, वही आणि व्हिडिओ न्यावेत. मुलाला जी माणसे रोज सांभाळतात त्यांच्यापैकी एकाने बरोबर असावे. दिवसभर आजीजवळ राहणाऱ्या मुलाविषयी आजीला जे माहीत असते ते ऑफिसातून येणाऱ्या बापाला माहीत नसते. अनोळखी खोलीत, पांढऱ्या कोटासमोर, मूल बहुधा एक अक्षरही काढत नाही, किंवा दार दिसताच रडू लागते. तेव्हा ‘घरी तर खूप बोलतो’ असे म्हणत त्याला पुढे ढकलू नये; त्याला मांडीवर घ्यावे, वही उघडून द्यावी आणि परवा हरिणाकडे बोट दाखवतानाचा तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लावावा.